गरिगाव

परवा कपाट आवरताना जुनी वही सापडली. २००९ सालची. तिच्या एका पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, "गरिगाव". बायको म्हणाली, "हे काय? शुद्धलेखन कधीपासून बिघडलं तुमचं?" तर त्या शब्दाची ही गोष्ट.

तेव्हा आमचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात होतं. साहेबांनी एक दिवस सांगितलं, "अँड्रॉइड म्हणून नवीन काहीतरी आलंय. आठवडाभर वापरून बघ आणि एका पानात लिहून दे, आपण यात पडायचं की नाही." गणपतीच्या आधी आरत्यांचं मराठी ॲप काढायचं त्यांच्या डोक्यात होतं.

तोवर मी सिंबियनवर काम करायचो. तिथे साधी अक्षरांची ओळ हाताळायची तरी सी प्लस प्लसच्या नाना कसरती. आयफोनसाठी मॅक विकत घ्यायला हवा, वर दरवर्षी ९९ डॉलर. अँड्रॉइड मात्र जावावाल्यांना घरच्यासारखं होतं. साधनं फुकट, ॲप बाजारात ठेवायची फी एकदाच २५ डॉलर. इम्युलेटर इतका सुस्त, की तो सुरू होईपर्यंत खाली जाऊन कटिंग पिऊन यावं! पण मांडणी आवडली. शिवाय कुठल्याही कंपनीने उचलून आपल्या फोनमध्ये घालावं अशी ती प्रणाली, म्हणजे पुढेमागे फोन स्वस्त होणार हे दिसत होतं. माझं मत जवळजवळ ठरलं होतं.

मग मराठी लिहून पाहिलं. नुसते चौकोन! देवनागरी फाँटच नव्हता. ठीक आहे म्हटलं, फाँट आपणच ॲपमध्ये घालू. घातला, आणि चाचणीसाठी रोजच्या प्रवासातली नावं टाकली. दादर, झकास. परळ, लालबाग, भायखळा, सगळी बरोबर. मी खूश. मग आपलं गिरगाव टाकलं, आणि पडद्यावर आलं "गरिगाव". मस्जिदचं "मस्जदि" झालं. प्रभादेवीतला प्र फुटून पायमोडका प आणि सुटा र झाला.

कारण असं की संगणक अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतो. आधी ग, मग इकार. दाखवताना मात्र वेलांटी उचलून ग च्या आधी न्यावी लागते. हे उचलून ठेवण्याचं काम अँड्रॉइडला तेव्हा येत नव्हतं. वेलांटी जिथल्या तिथे राहून पुढच्या र च्या गळ्यात पडायची. ज्या नावात वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, तेवढी नावं पास!

आजोबांना दाखवलं. ते गिरगावातल्या एका छापखान्यात आयुष्यभर खिळे जुळवत होते. भिंगातून बघून म्हणाले, "वेलांटीचा खिळा आधी लावायचा, मग ग चा. पहिल्या दिवशी शिकवतात हे. तुझ्या यंत्राला कुणी शिकवलं नाही?"

मग त्यांनी बरंच सांगितलं, काही मी नंतर वाचलं. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. म्हणजे अख्खं पान दगडावर चितारायचं, अक्षरांचं चित्रच. खिळे त्यांच्याकडे नंतर आले. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळे ओतायचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरचा वळणदार टाइप पुढे देशभर नावाजला गेला. एकेका जोडाक्षरासाठी वेगळा खिळा कोरायचा, ओतायचा. यंत्राला सोपं जावं म्हणून अक्षर मोडायचं नाही. उलटंही घडलं. १९५३ च्या लखनौ परिषदेने लिपी सोपी करण्यासाठी ऱ्हस्व वेलांटीसुद्धा उजवीकडे, आखूड दांडीची काढायची असं ठरवलं होतं. लोकांच्या हाताला ते काही रुचलं नाही, आणि वेलांटी पुन्हा डावीकडे आली.

मी साहेबांना दोन वाटा सुचवू शकलो असतो. आरत्या चित्र म्हणून दाखवायच्या, थेट शिळाप्रेससारख्या. किंवा अक्षरं जुळवायचा कोड आपणच लिहायचा. पहिलीत शोधता येत नाही, मोठं केलं की धूसर होतं. दुसरीला दोनेक महिने लागले असते आणि गणपती तोंडावर. मी लिहिलं, "प्लॅटफॉर्म उत्तम, घ्यावा. भारतीय भाषा : नंतर." ॲप निघालं, पण आरत्या इंग्रजी अक्षरांत!

आजोबांना नेऊन दाखवलं. त्यांनी भिंग लावलं, दोनदा पान सरकवलं आणि फोन परत दिला. "यात मराठी कुठे आहे?" एवढंच विचारलं.

२०१० मध्ये आजोबा गेले. २०११ च्या अखेरीस अँड्रॉइड ४.० आलं, त्यात देवनागरी नीट जुळायला लागली. मी नवा फोन घेऊन सगळ्यात आधी गिरगाव लिहिलं. वेलांटी जागच्या जागी होती.

माझा अहवाल चुकला नव्हता. अँड्रॉइड चाललं, आमची कंपनीही चालली. पण "नंतर" हा शब्द मी फार पटकन लिहिला, असं आता वाटतं. दोन महिन्यांचं काम होतं हो. आमच्याच गल्ल्यांत लोकांनी त्यासाठी उभी हयात घातली होती.

असो. वही टाकली नाही. "गरिगाव" तसंच राहू दिलंय. आता नवीन काही तपासायला आलं की आधी गिरगाव लिहून बघतो.