वाकारूसा ते वाकारूसा : मोटरहोम कारखाना बंद पडल्यानंतरची एल्कहार्ट काउंटी (२००८–२०२३)

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या उत्तर सीमेवर एल्कहार्ट काउंटी आहे. तेथील वाकारूसा या लहानशा गावात ५ ऑगस्ट २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचे भाषण झाले. भाषणाचे स्थळ एका मोटरहोम कारखान्याचे आवार होते. मोटरहोम म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेले चाकांवरचे घर. हे कारखाने चालविणाऱ्या मोनॅको कोच कंपनीने जुलै २००८ मध्ये वाकारूसा, नॅपनी व एल्कहार्ट येथील उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले होते. त्यामुळे सुमारे १,४०० कामगार बेकार झाले. मार्च २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे तिची मालमत्ता नॅव्हिस्टार या ट्रक बनविणाऱ्या कंपनीने घेतली. ओबामा आले होते ते विजेची वाहने व बॅटऱ्या यांसाठी २४० कोटी डॉलरची अनुदाने जाहीर करण्यासाठी. त्यांपैकी ३ कोटी ९० लाख डॉलर नॅव्हिस्टारला मिळावयाचे होते आणि विजेवर चालणारे ट्रक तयार व्हावयाचे होते ते याच वाकारूसात.

कारखाना बंद पडल्यावर गाव पुन्हा उभे राहते ते कशाच्या बळावर, नव्या उद्योगाच्या, कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणाच्या, की आणखी कशाच्या, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. एल्कहार्टचे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, तेथे हे सर्व उपाय एकाच वेळी योजले गेले आणि त्यांचे फलितही दशकभरात दिसून आले.

उद्योग येणे आणि जाणे एल्कहार्टला नवे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे शहर कॉन कंपनीच्या पितळी वाद्यांसाठी ओळखले जाई. पुढे माइल्स कंपनीच्या औषधांनी, विशेषतः १९३१ मध्ये बाजारात आलेल्या अल्का-सेल्टझरने, त्याला नाव मिळवून दिले. मोटारीमागे ओढावयाची फिरती घरे येथे १९३० च्या दशकापासून बनू लागली. वाकारूसात १९५३ मध्ये हॉलिडे रॅम्बलर ही कंपनी निघाली. ती १९८६ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने व १९९६ मध्ये मोनॅकोने घेतली. वाद्ये आटली, औषधेही आटली; फिरत्या घरांचा धंदा मात्र टिकला. तो का टिकला हे समजण्यासाठी त्याची रीत पाहिली पाहिजे.

मोटरहोमची चासी व इंजिन बाहेरून येतात. भिंती, कपाटे, नळ, वायरिंग, गाद्या, खिडक्या हे सारे स्थानिक पुरवठादारांकडून येते आणि मोठ्या शेडमध्ये बहुतांशी हातांनी बसविले जाते. अवजड यंत्रसामग्री फारशी लागत नाही. लागतात ती सुतारकाम, वीजकाम व नळकाम जलद करणारी माणसे. वेतनाचा मोठा भाग उक्त्या कामाच्या दराशी बांधलेला असतो. भांडवल यंत्रांत अडकलेले नसल्याने मालकाला कारखाना बंद करणे सोपे जाते, आणि त्याच कारणाने दुसऱ्याला तो पुन्हा उघडणेही सोपे जाते. पुढील सर्व घटनांचे बीज या एका वैशिष्ट्यात आहे असे माझे मत आहे.

मागणी मात्र अत्यंत नाजूक. मोटरहोम ही चैनीची वस्तू असून ती बहुधा कर्ज काढून घेतली जाते. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोलचा दर गॅलनला चार डॉलरवर गेला आणि त्यापाठोपाठ पतपुरवठा गोठला. अमेरिकेत २००६ मध्ये सुमारे ३ लाख ९० हजार फिरती वाहने विक्रेत्यांकडे गेली होती. २००९ मध्ये ही संख्या १ लाख ६६ हजारांवर आली. एल्कहार्ट-गोशेन परिसरातील बेकारी त्या वर्षी २० टक्क्यांच्या घरात पोहोचली.

विजेच्या वाहनांचे काय झाले? नॅव्हिस्टारचा ई-स्टार हा ट्रक वाकारूसात तयार झाला, पण त्याला पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत व २०१३ मध्ये कंपनीने तो सोडून दिला. नॉर्वेच्या थिंक कंपनीने २०१० मध्ये एल्कहार्टला विजेच्या छोट्या मोटारी बनविण्याचे ठरविले. जून २०११ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत गेली. केवळ सरकारी अनुदान होते म्हणून हे प्रकल्प फसले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या मालाला अजून बाजारपेठ नव्हती, त्यावर एका गावाची आशा टांगली गेली, हे खरे दुखणे होते.

दुसरा उपाय पुनर्प्रशिक्षणाचा. बेकारभत्त्याची मुदत कमाल ९९ आठवड्यांपर्यंत वाढविण्यात आली होती. त्या काळात आयव्ही टेक या राज्याच्या कम्युनिटी कॉलेजात रुग्णसेवा, वेल्डिंग, संगणक असे अभ्यासक्रम उपलब्ध होते. आपण अध्यापकांनी येथे थोडे थांबून विचार करावा. जुने कौशल्य आता निरुपयोगी झाले, हे पुनर्प्रशिक्षणामागील गृहीत असते. एल्कहार्टमध्ये कौशल्य निरुपयोगी झालेले नव्हते, केवळ मागणी झोपली होती. पन्नाशीतल्या सुताराला बाकावर बसवून नवा व्यवसाय शिकविण्याची कल्पना कागदावर चांगली दिसते. परंतु दीड-दोन वर्षांनी त्या व्यवसायाचे वेतन जुन्या उक्त्या कमाईपेक्षा कमी असेल आणि जुनी शेड पुन्हा उघडली असेल, तर तो कोणीकडे वळेल हे सांगावयास नको.

याहून उद्‌बोधक उदाहरण आमिश कामगारांचे आहे. या ख्रिस्ती पंथाची मोठी वस्ती एल्कहार्ट व शेजारच्या लाग्रेंज काउंटीत आहे. त्यांचे शिक्षण आठवीनंतर थांबते, आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हा अधिकार मान्य केला आहे. शेतजमीन महागल्याने या वस्तीतील निम्म्याहून अधिक पुरुष शतकाच्या आरंभी कारखान्यांत काम करू लागले होते. महाविद्यालयाचा मार्ग त्यांना मोकळा नव्हता. सरकारी मदत घेणे अनेकांच्या धर्मतत्त्वात बसत नव्हते. तरी अडचणीमुळे काहींनी बेकारभत्ता स्वीकारला आणि त्यावरून समाजात वादही झाला. इतरांनी घराजवळच्या कार्यशाळेत फर्निचर व लाकूडकाम सुरू केले. हा खऱ्या अर्थाने व्यवसायबदल होता. तो कोणत्याही योजनेत नव्हता आणि त्यासाठी नवे कौशल्य शिकावेही लागले नाही. हाताला जे येत होते तेच कारखान्याऐवजी घरी केले गेले.

आणि वाकारूसाच्या त्या कारखान्याचे काय? २०१३ मध्ये नॅव्हिस्टारने तो परिसर थॉर इंडस्ट्रीजला विकला. थॉर मोटरहोमच बनविते. अनुदानाने ज्या जागी नवयुग आणावयाचे ठरले होते, तेथे जुनाच धंदा परतला. १ जून २०१६ रोजी ओबामा पुन्हा एल्कहार्टला आले तेव्हा बेकारी चार टक्क्यांच्या आसपास होती. २०१७ मध्ये देशभरात पाच लाखांहून अधिक फिरती वाहने पाठविली गेली.

या पुनरागमनाला पुनरुज्जीवन म्हणावे काय? रोजगारापुरते म्हणता येईल. पण मधल्या काळात ज्यांची घरे बँकेकडे गेली, त्यांना ती आकडेवारीने परत मिळाली नाहीत. शिवाय शाळा संपताच कारखान्यात चांगली कमाई होत असल्यामुळे तरुणांना पुढे शिकण्याचे कारण उरत नाही. काउंटीतील पदवीधरांचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून बरेच कमी आहे. म्हणजे एका बाजूने पुनर्प्रशिक्षण अनावश्यक ठरले आणि दुसऱ्या बाजूने पुढच्या मंदीसाठी गाव पूर्वीइतकेच उघडे राहिले.

ती मंदी आलीही. एप्रिल २०२० मध्ये महामारीमुळे कारखाने थांबले आणि बेकारी ३० टक्क्यांच्या जवळ गेली, म्हणजे २००९ पेक्षाही वर. काही महिन्यांतच विमानप्रवास टाळणाऱ्या कुटुंबांनी फिरत्या घरांकडे धाव घेतली. २०२१ मध्ये ६ लाखांचा विक्रम झाला. त्यानंतर व्याजदर वाढले, आणि २०२३ मध्ये हा आकडा ३ लाख १३ हजारांवर उतरला.