अण्वस्त्रकपातीचे करार व त्यांचे अनुसमर्थन

अण्वस्त्रे व ती वाहून नेणारी साधने यांची संख्या मर्यादित वा कमी करण्यासाठी मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि सोव्हिएट संघ (१९९१ नंतर रशिया) यांच्यात झालेले करार आणि त्यांना स्वदेशात मिळवावी लागणारी घटनात्मक मान्यता. अशा करारावर राष्ट्रप्रमुखांनी स्वाक्षरी केली, तरी तेवढ्याने तो अमलात येत नाही. प्रत्येक पक्षाने आपल्या घटनेनुसार त्याचे अनुसमर्थन करून अनुसमर्थनपत्रांची अदलाबदल करावी लागते. भारतात करार करणे हा कार्यकारी सत्तेचा विषय असून त्यासाठी संसदेचे मतदान आवश्यक मानलेले नाही. अमेरिकेच्या घटनेने मात्र अध्यक्षाचा हा अधिकार सीनेटच्या संमतीने बांधून टाकला आहे. उपस्थित सदस्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्यांनी अनुकूल मत दिले, तरच अध्यक्षाला कराराचे अनुसमर्थन करता येते. शंभर सदस्यांच्या सभागृहात चौतीस विरोधक कोणताही करार अडवू शकतात, असा याचा अर्थ होतो. व्हर्सायचा तह १९१९ व १९२० मध्ये याच तरतुदीमुळे सीनेटमध्ये फेटाळला गेला आणि त्याची आठवण पुढील प्रत्येक अध्यक्षाला राहिली.

या तरतुदीमुळे प्रत्येक कराराच्या दोन वाटाघाटी होतात : एक प्रतिपक्षाशी आणि दुसरी घरात. दुसरीत द्यावी लागणारी किंमत बहुधा शस्त्रांच्याच रूपात मोजली गेली. वातावरण, अवकाश व समुद्र यांतील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा १९६३ चा करार सीनेटने ८० विरुद्ध १९ मतांनी संमत केला; पण तत्पूर्वी भूमिगत चाचण्यांचा कार्यक्रम जोमाने चालू ठेवण्याचे आश्वासन केनेडी शासनाने सेनाप्रमुखांना दिले होते. मॉस्को येथे २६ मे १९७२ रोजी झालेल्या दोन करारांपैकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांसंबंधीचा करार ८८ विरुद्ध २ मतांनी सहज संमत झाला. आक्रमक शस्त्रांविषयीच्या अंतरिम करारात मात्र सोव्हिएट संघाला आंतरखंडीय क्षेपणास्त्रांचे अधिक प्रक्षेपक ठेवण्याची मुभा होती. त्यावर वॉशिंग्टन राज्याचे सीनेटर हेन्‍री जॅक्सन यांनी, यापुढील कोणत्याही करारात अमेरिकेचे बळ सोव्हिएट संघाहून कमी असू नये, अशी दुरुस्ती मंजूर करून घेतली. पुढच्या वाटाघाटींना या दुरुस्तीचे जू कायमचे मानेवर घ्यावे लागले.

या राजकारणाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘सॉल्ट-२’ करार. अध्यक्ष जिमी कार्टर व लिओनिद ब्रेझन्येव्ह यांनी १८ जून १९७९ रोजी व्हिएन्ना येथे त्यावर स्वाक्षऱ्या केल्या. प्रत्येक बाजूच्या प्रक्षेपकांची व अवजड बाँबफेकी विमानांची एकूण मर्यादा २,४०० होती आणि ती पुढे २,२५० वर आणावयाची होती. सीनेटमधील विरोधकांना खूष करण्यासाठी कार्टर यांनी स्वाक्षरीच्या आधीच एमएक्स या नव्या बहुशीर्ष क्षेपणास्त्राच्या निर्मितीस मान्यता दिली. जॉर्जियाचे सीनेटर सॅम नन यांनी संरक्षणखर्चात दरसाल पाच टक्के खरी वाढ मागितली. कार्टर यांनी डिसेंबरमध्ये ती बव्हंशी मान्य केली. पॉल नित्झे यांच्यासारखे अनुभवी वाटाघाटीकार जाहीरपणे विरोधात उतरले. सोव्हिएट क्षेपणास्त्रचाचण्यांवर नजर ठेवणारी इराणमधील केंद्रे त्या देशातील क्रांतीमुळे हातची गेली होती. त्यामुळे पडताळणी कशी करणार, हा प्रश्न करारास अनुकूल असलेल्यांनाही पडला.

अशा वेळी कराराचा घात त्याच्या एका मित्राकडून व्हावा, हे विशेष. सीनेटच्या परराष्ट्रव्यवहार समितीचे अध्यक्ष फ्रँक चर्च हे करारास अनुकूल होते. परंतु आयडाहो या पुराणमतवादी राज्यातून त्यांना १९८० ची निवडणूक लढवावयाची होती. क्यूबात सोव्हिएट सैन्याची तुकडी असल्याचे त्यांनी ३० ऑगस्ट १९७९ रोजी जाहीर केले आणि ती तेथे असेपर्यंत करार संमत होणार नाही, असे बजावले. ही तुकडी १९६२ पासूनच तेथे होती, हे यथावकाश स्पष्ट झाले. तोवर कित्येक मोलाचे आठवडे वाया गेले होते. समितीने नोव्हेंबरमध्ये ९ विरुद्ध ६ अशा काठावरच्या मतांनी करार सभागृहाकडे पाठविला. डिसेंबरअखेर सोव्हिएट सेना अफगाणिस्तानात शिरल्या आणि ३ जानेवारी १९८० रोजी कार्टर यांनी स्वतःच सीनेटला विचार पुढे ढकलण्याची विनंती केली. मतदान कधीच झाले नाही. त्या वर्षीच्या निवडणुकीत कार्टर पडले आणि चर्चही पडले. अफगाणिस्तानामुळे करार बुडाला, असे सामान्यतः सांगितले जाते; ते अर्धेच खरे आहे. सदुसष्ट मते त्यापूर्वीही हाती आलेली नव्हती.

यानंतरचा भाग अधिक चमत्कारिक आहे. रोनाल्ड रेगन यांनी प्रचारात ज्या कराराला सदोष ठरविले, त्याच्या मर्यादा त्यांच्या शासनाने सोव्हिएट संघही पाळील या अटीवर १९८६ पर्यंत सर्वसाधारणपणे पाळल्या. कराराला विधिमंडळाची मान्यता नव्हती; तरीही दोन्ही सेनाधिकाऱ्यांना प्रतिपक्षाच्या शस्त्रसंख्येचा अंदाज बांधण्यासाठी तो उपयुक्त वाटत होता. सीनेटमधील मतांसाठी देऊ केलेले एमएक्स क्षेपणास्त्र मात्र त्याच वर्षी तैनात झाले.

रेगन व मिखाइल गोर्बाचेव्ह यांनी ८ डिसेंबर १९८७ रोजी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांविषयी केलेला करार सीनेटने ९३ विरुद्ध ५ मतांनी संमत केला. कम्युनिस्टविरोधाबद्दल ज्याच्यावर कोणी संशय घेऊ शकत नाही, अशा अध्यक्षाला तो करता आला. या करारान्वये एकूण २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. त्यानंतरच्या ‘स्टार्ट-१’ करारास (१९९१) सोव्हिएट संघाच्या विघटनामुळे अनेक विधिमंडळांना सामोरे जावे लागले. युक्रेनच्या संसदेने नोव्हेंबर १९९३ मध्ये अनेक राखीव शर्ती घालून त्याला मान्यता दिली व सुरक्षेची आश्वासने आणि मोबदला यांविषयी समझोता झाल्यावर फेब्रुवारी १९९४ मध्ये त्या शर्ती मागे घेतल्या. करार ५ डिसेंबर १९९४ रोजी अमलात आला.

सोव्हिएट काळात मॉस्कोतील अनुसमर्थन हा केवळ उपचार होता. नव्या रशियात ड्यूमा या सभागृहाने तो हक्क गंभीरपणे बजावला. जॉर्ज बुश व बोरिस येल्त्सिन यांनी ३ जानेवारी १९९३ रोजी केलेल्या ‘स्टार्ट-२’ कराराने जमिनीवरील बहुशीर्ष आंतरखंडीय क्षेपणास्त्रांवर बंदी घातली. रशियाच्या अण्वस्त्रदलाचा कणा नेमका हाच होता आणि त्याऐवजी एकशीर्ष क्षेपणास्त्रे बांधावयास तिजोरीत पैसा नव्हता. सीनेटने १९९६ मध्ये ८७ विरुद्ध ४ मतांनी संमती दिली. ड्यूमातील कम्युनिस्ट व राष्ट्रवादी सदस्य मात्र ‘नाटो’च्या विस्ताराकडे बोट दाखवीत राहिले. डिसेंबर १९९८ मध्ये संमती दृष्टिपथात असतानाच इराकवर अमेरिका व ब्रिटन यांनी बाँबहल्ले केले. १९९९ च्या वसंतात यूगोस्लाव्हियावरील हल्ल्यांमुळे विषय पुन्हा मागे पडला. अखेर व्ह्लादिमीर पुतिन यांच्या आग्रहावरून १४ एप्रिल २००० रोजी नव्या ड्यूमाने २८८ विरुद्ध १३१ मतांनी करार संमत केला. पण क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांसंबंधी १९९७ मध्ये झालेल्या समझोत्यांना सीनेटची मान्यता मिळेपर्यंत अनुसमर्थनपत्रे द्यावयाची नाहीत, अशी अट घातली. ते समझोते सीनेटपुढे कधी गेलेच नाहीत. अमेरिका १३ जून २००२ रोजी १९७२ च्या क्षेपणास्त्रविरोधी करारातून बाहेर पडली आणि दुसऱ्याच दिवशी आपण ‘स्टार्ट-२’ने बांधलेले नाही, असे रशियाने घोषित केले. ‘सॉल्ट-२’ संमत न होता पाळला गेला. ‘स्टार्ट-२’ दोन्ही विधिमंडळांत संमत होऊनही अमलात आला नाही.

प्राग येथे ८ एप्रिल २०१० रोजी झालेल्या नव्या ‘स्टार्ट’ कराराने तैनात अण्वस्त्रशीर्षांची मर्यादा १,५५० ठरविली. सीनेटमध्ये तो ७१ विरुद्ध २६ मतांनी संमत झाला. त्यासाठी अध्यक्ष बराक ओबामा यांना अण्वस्त्रनिर्मिती यंत्रणेच्या आधुनिकीकरणासाठी दहा वर्षांत सुमारे ८५ अब्ज डॉलरची हमी द्यावी लागली. जुन्या सीनेटचे अधिवेशन संपण्यापूर्वी, २२ डिसेंबरला मतदान उरकण्यात आले. कारण जानेवारीत येणाऱ्या सभागृहात ओबामांच्या पक्षाची संख्या घटणार होती. कराराला २०२१ मध्ये पाच वर्षांची मुदतवाढ देताना रशियाच्या दोन्ही सभागृहांनी कायदा केला. अमेरिकेत मूळ मसुद्यातील तरतुदीमुळे सीनेटकडे जावे लागले नाही. रशियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आपला सहभाग स्थगित केला. वाढीव मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती आणि ती आणखी वाढविण्याची तरतूद करारात नव्हती.