भंडाऱ्याच्या आया आणि माईकवाले

९ जानेवारी आली की आपल्या जिल्हा सामान्य रुग्णालयाचे तेच व्हिडिओ पुन्हा फिरायला लागतात. काळवंडलेली भिंत, आणि लगेच पुढे तोंडात पदर कोंबून बसलेली एखादी आई. पाच मिनिटांच्या व्हिडिओत भिंत दहा सेकंद, बाकी सगळी आई.

२०२१ ची ती रात्र भंडाऱ्यातल्या कुणाला सांगायला नको. दीड-दोनच्या सुमारास नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. तिघं भाजून आणि सात जण धुरानं गुदमरून गेले, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आले. राज्याने ५ लाख जाहीर केले, पंतप्रधान निधीतून २ लाख. आणि प्रत्येक गाडीच्या मागे कॅमेऱ्यांच्या गाड्या.

यातल्या काही आयांना बाळंत होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. ओल्या बाळंतिणीच्या खोलीत आपण शेजारच्या बाईलाही पाय धुतल्याशिवाय जाऊ देत नाही. तिला वारं लागू देत नाही. आणि इथे? अंगात धड ताकद नाही, दूध आटलेलं नाही, आणि समोर माईक : "कसं वाटतंय तुम्हाला?" एकाला सांगून झालं की दुसरा येतो, त्याला पहिल्याचं चालत नाही, त्याला "आपल्या चॅनलसाठी" पुन्हा रडणं हवं असतं.

नियम नाही असं नाही बरं. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की खासगी दुःखाच्या क्षणी कॅमेरा घुसवू नये. मात्र त्यातच पुढे अपघातग्रस्त आणि आपत्तीग्रस्तांचे फोटो व्यापक जनहितासाठी चालू शकतात, अशी सवलतही आहे. सगळा बाजार त्या सवलतीवर चालतो.

आपल्या जिल्ह्याने याची उलटी बाजूही पाहिली आहे. २९ सप्टेंबर २००६, मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातले चार जण मारले गेले. तेव्हा कॅमेरे कुठे होते? सुरुवातीला छोट्याशा बातम्या, त्याही अनैतिक संबंधांच्या कुजबुजीसकट. नोव्हेंबरात नागपूर-भंडाऱ्यापासून राज्यभर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे मोठ्या माध्यमांना गाव सापडलं. मग मात्र इतके आले की विचारू नका. मृतदेहांचे फोटोसुद्धा फिरले. एकटे उरलेले भैयालाल भोतमांगे पुढची दहा वर्षं तीच रात्र येईल त्याला सांगत राहिले. २००८ मध्ये भंडारा न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती बदलून २५ वर्षांची जन्मठेप केली. सर्वोच्च न्यायालयाची वाट बघत भैयालाल जानेवारी २०१७ मध्ये गेले.

म्हणून "मीडियाने येऊच नये" असं मी म्हणणार नाही. खैरलांजीत मीडिया नसण्याची किंमत आपण मोजली आहे. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. आला, तर बघतो काय?

नेपाळच्या लोकांनी २०१५ च्या भूकंपानंतर आठवडाभरात "गो होम इंडियन मीडिया" हा हॅशटॅग चालवला होता. तेव्हा आपल्याकडे अनेकांना तो कृतघ्नपणा वाटला. भंडाऱ्याच्या आयांकडे हॅशटॅग नव्हता, एवढाच फरक.

बघायला खूप होतं. वायरिंग कुणी तपासलं, शेवटचं फायर ऑडिट कधी झालं, धुराची सूचना देणारी यंत्रणा का वाजली नाही, रात्री वॉर्डात किती परिचारिका होत्या. त्यासाठी फायली मागाव्या लागतात, बांधकाम विभागात खेटे घालावे लागतात. त्यात रडणारा चेहरा मिळत नाही. चौकशी झाली, निलंबनं झाली, दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. तोवर गाड्या निघून गेल्या होत्या.

त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, १५ गेले. ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात तेच, ११ गेले. दोन्हीकडे पुन्हा दारात नातेवाईक, पुन्हा माईक.

आणि २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, ८ कामगार गेले. निर्माणीच्या आत कुणालाही असं सहज जाता येत नाही. मग उरलं काय? गेट, आणि गेटबाहेर आपला माणूस आत आहे की नाही हे विचारत उभी असलेली घरची माणसं.