ससूनशेट: एक नाव, तीन पिढ्या

आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ससूनशेट एकच होता. पुण्याच्या आजीच्या लेखी त्याने दवाखाना बांधला. आईची कुलाब्याच्या कोळीवाड्यातली मैत्रीण, जिला आम्ही मावशी म्हणायचो, तिच्या लेखी त्याने डॉक बांधला. लालबागचा मामा म्हणायचा, गिरणी त्याचीच. एवढं सगळं उरकायला माणसाला शंभर वर्षं तरी जगावं लागलं असतं, पण तो हिशेब कुणी मांडला नाही.

आजीची गोष्ट सगळ्यांत रंगतदार. बगदादचा सुभेदार याच्या जिवावर उठला, तेव्हा हा रातोरात पळाला. झग्याच्या अस्तरात मोती शिवलेले होते. आजीने हे कुठून ऐकलं देव जाणे, पण ससून घराण्यावरच्या पुस्तकांतही ते मोती भेटतात. मोत्यांचं काहीही असो, पळून जाणं मात्र खरं. डेव्हिड ससूनचा जन्म 1792चा, बगदादमधल्या यहुदी समाजाच्या पुढाऱ्याच्या घरातला. वडील तिथल्या पाशांचे खजिनदार. सुभेदार दाऊद पाशाचा छळ आणि पैशांची मागणी असह्य झाली, तेव्हा डेव्हिडने आधी इराणच्या किनाऱ्यावरचं बुशहर गाठलं आणि 1832च्या सुमारास कुटुंबकबिल्यासह मुंबई.

वेळ त्याने अचूक साधली होती. चीनशी व्यापाराचा कंपनी सरकारचा मक्ता पुढच्याच वर्षीच्या कायद्याने संपला. इराणी आखाताकडे विलायती कापड जायचं. माळव्यातून बैलांच्या पाठीवर मुंबईला आलेली अफू आणि आपल्याकडचा कापूस चीनकडे जायचा. डेव्हिडने थोरल्या बायकोपासून झालेल्या एलियासला 1844मध्ये चीनला धाडलं. आठ मुलगे, जिथे बाजार, तिथे घरचा माणूस. पत्रं बगदादी अरबीत, पण हिब्रू लिपीत. बाहेरच्या माणसाच्या हाती पडली तरी डोक्यावरून जायची. 1853मध्ये तो ब्रिटिश प्रजाजन झाला, तेव्हा सहीदेखील त्याने हिब्रूतच केली. पगडी आणि पायघोळ झगा तर मरेपर्यंत सोडला नाही. कोकणात पिढ्यान् पिढ्या राहिलेले, मराठी बोलणारे शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायली, त्याचे धर्मबांधवच. पण बगदादी मंडळींनी त्यांच्याशी अंतर राखलं, ही गोष्ट आजीच्या कहाणीत नव्हती.

अफूही नव्हती. आजीने ती लपवली असं नाही. तिच्यापर्यंत पोचला तो लाल विटांचा उंच मनोरा, आणि बाळंतपणाला जिथे नेलं तो दवाखाना. मनोरा म्हणजे पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ, यहुद्यांचं प्रार्थनास्थळ. ते बघायला ती आम्हाला न्यायची. फाटकातूनच म्हणायची, "आत मूर्ती नसते, पण चप्पल काढायला हरकत नाही." डेव्हिड 1864मध्ये पुण्यातल्या आपल्या बंगल्यात वारला. त्याची समाधी या देवळाच्याच आवारात आहे. देऊळ आणि ससून रुग्णालय ही दोन्ही कामं हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या एकाच अभियंत्याच्या आराखड्यावर झाली, आणि दोन्ही पुरी झाली ती 1867मध्ये, म्हणजे शेट गेल्यावर. मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या ससून ग्रंथालयाचीही तीच तऱ्हा. इमारत 1870ची. प्रवेशद्वारावर दगडात कोरलेलं त्याचं डोकं, आत त्याचा पांढरा पुतळा. ज्याला इंग्रजी बोलता येत नव्हतं, त्याच्या नावाने पुस्तकांची कपाटं.

डॉक मात्र डेव्हिडचा नव्हे. तो बांधला थोरल्या मुलाने, अब्दुल्लाने; साहेबी थाटात त्याचा अल्बर्ट झाला होता. तेव्हा मुंबईत गलबतं खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माल मचव्यांतून, हमालांच्या पाठीवरून धक्क्याला लागायचा. अल्बर्टने कुलाब्याला समुद्र भरून जागा तयार केली आणि 1875मध्ये पश्चिम हिंदुस्थानातला पहिला ओला डॉक उघडला; भरती असो की ओहोटी, जहाज आत तरंगत राहायचं. चार वर्षांत तो बंदर खात्याने विकत घेतला. पुढे मोठ्या गोद्या झाल्या, मालाची जहाजं तिकडे गेली आणि इथे मासळी आली. मावशीला हा इतिहास नको होता. पहाटे चारला बर्फाच्या भुग्यात पाय रोवून ती लिलावात हात वर करायची, पाटी भरून घ्यायची आणि उजाडायच्या आत बाजार गाठायची. "शेटनं आमच्यासाठीच बांधला गो," म्हणायची. शेटच्या मनात कापसाच्या गासड्या होत्या, हे तिला सांगून तिचा दिवस कोण बिघडवणार?

मामाचा ससून तिसरा: एलियासचा मुलगा जेकब, डेव्हिडचा नातू. एलियास थोरल्या भावापासून, अल्बर्टपासून, वेगळा झाला आणि 1867मध्ये त्याने आपली ई. डी. ससून ही पेढी काढली. त्याच पेढीची लालबागची जेकब ससून मिल पुढे इंडिया युनायटेड मिल नंबर एक झाली. मामा तिथे साचेखात्यात होता, 1982च्या संपापर्यंत.

या तिघांना वेगळं केलं की पैशाची चाल दिसते. आजोबाचा पैसा फिरता होता: आज माळव्यात, उद्या कँटनला. त्याला गोदाम आणि विश्वासातले चार नातलग पुरायचे. मुलाने तो भिंतीत, धक्क्यात, भराव घातलेल्या जमिनीत रोवला. त्याला हमाल लागले. नातवाने तो यंत्रांत घातला आणि त्यासाठी घाटावरून, कोकणातून हजारो माणसं मुंबईला आणावी लागली. पैसा जसजसा जड होत गेला, तसतशी त्याला आमच्या माणसांची गरज वाढली. अफूच्या काळात आमचा कुणी त्या कथेत नव्हताच. म्हणून अफू कुणाच्या आठवणीतही नव्हती. घरची आठवण तिथून सुरू होते, जिथून घरचा माणूस कामाला लागतो.

घराणं विलायतेला गेलं, तिथे बॅरोनेट झालं. पुण्याचा दवाखाना आता सरकारी आहे. गरिबाला परवडतो तो तोच. त्याच्या पायाच्या दगडात कँटनच्या अफूबाजाचाही वाटा आहे. आजी ते सांगू शकत नव्हती, मला मात्र टाळता येत नाही. म्हणून नातवंडांना ही गोष्ट सांगताना मी मोती ठेवते, अफूही सांगते आणि मामाच्या साचेखात्यापर्यंत नेऊन सोडते. शेट चांगला होता की वाईट, हे ती लगेच विचारतात. मी म्हणते, आधी तिघांना वेगवेगळं ओळखा, मग एकेकाचं बोलू.