खजाना विहीर: जहागिरीतल्या पाण्याची कुळकथा

बीड शहराच्या दक्षिणेला सुमारे ६ किलोमीटरवर, सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूच्या शिवारात खजाना विहीर आहे. हिजरी ९९१, म्हणजे इ.स. १५८३ च्या सुमाराचे हे बांधकाम. तेव्हा अहमदनगरच्या गादीवर मुर्तजा निजामशाह होता आणि बीडची जहागीर सलाबतखानाकडे होती. विहीर त्याने बांधवली. आखणी राजा भास्कर या स्थापत्यकाराची, असे सांगतात.

विहीर म्हटले की मोट आणि रहाट आठवतात. इथे पाणी शेंदण्याचा प्रश्नच नव्हता. तळाशी तीन भुयारे आहेत: दोन पाणी आणतात, तिसरे ते उत्तरेकडच्या शेतांना नेते. म्हणजे ही विहीर साठ्यापेक्षा पाण्याचा सांधा अधिक आहे. पाण्याला जोर यावा म्हणून मनोरा किंवा उंच टाकी बांधतात. राजा भास्करने ती उंची जमिनीतच शोधली. बालाघाटाच्या डोंगराकडची जमीन शहराकडे उतरत जाते. भुयाराचा उतार या जमिनीच्या उतारापेक्षा सौम्य ठेवला, की खोलवरचे पाणी पुढे आपोआप भुईच्या पातळीला येते. उपसा नाही, बैल नाहीत. एवढ्या लांबीवर असा बारीक उतार साधणे हे या कामातले खरे कौशल्य.

या विद्येचे मूळ इराणातल्या कनातीत, म्हणजे अशाच भुयारी पाटांत, आहे. बहमनी काळापासून इराणी जाणकार दख्खनमध्ये येत राहिले. बिदरला तिला कारेज म्हणतात, विजापूरला सुरंग बावडी आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अशीच नहर-ए-अंबरी काढली ती मात्र बीडच्या विहिरीनंतर तीसेक वर्षांनी. नहरींच्या कौतुकात बीडचे हे वडीलपण बहुधा विसरले जाते.

नावाबद्दल लोक सांगतात, की जहागिरीचा वसूल सरकारी खजिन्यात न भरता या कामी खर्च केला, म्हणून ती खजाना विहीर. कथा सुरेख आहे. पण ज्या अरबी धातूपासून ‘खजाना’ शब्द आला, त्याचा अर्थ साठवणे असा आहे, आणि त्याच धातूपासून बनलेला ‘खज्जान’ हा शब्द अरबीत पाण्याच्या टाकीसाठी वापरतात. तेव्हा नावात पैशाआधी पाणीच असणे शक्य आहे. या पाण्यावर, म्हणजे तिसऱ्या भुयारातून शेतांना जाणाऱ्या पाण्यावर, सुमारे २१२ हेक्टर जमीन भिजते, असे सांगितले जाते.