गच्चीवरची छत्री : सोलापूरच्या घरात कोणती भाषा बोलेल?

१/ सोलापुरातील कोणत्याही अपार्टमेंटची गच्ची पाहा. डिशच्या छत्र्या दक्षिणेकडे, पूर्वेला वळून उभ्या असतात. दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहेत आणि सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस. पण या छत्र्यांचा इतिहास एका वेगळ्या प्रश्नाचा आहे : घरात काय दिसावे, हे कोण ठरवते?

२/ आरंभ शेजारच्या जिल्ह्यांत झाला. १ ऑगस्ट १९७५ रोजी ‘साइट’ प्रयोग सुरू झाला. उपग्रह नासाचा एटीएस-६, जमिनीवरील यंत्रणा इस्रोची, गावे सहा राज्यांतील सुमारे २,४००. कर्नाटकातील निवडक जिल्ह्यांत विजापूर आणि गुलबर्गा होते. दोन्ही सोलापूरला लागून. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता.

३/ लहरी काही जिल्ह्याच्या वेशीवर थांबत नाहीत. फरक जमिनीवर होता. निवडलेल्या गावात जाळीची सुमारे ३ मीटर व्यासाची छत्री आणि सामुदायिक संच होता. एकाच चित्रासोबत दोन ध्वनी येत : तेलुगू आणि कन्नड. कोणी पाहावे, हे सरकारी यादीने ठरवले. ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला.

४/ १९९१ मध्ये एशियासॅट-१ वरून स्टार आले. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी. त्या काळची मोठी छत्री एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. ती केबलवाल्याने उभारली आणि गच्चीवरून गच्चीवर वायर ओढली. यादी आता त्याच्या हाती आली. केंद्राचा केबल कायदा १९९५ चा, म्हणजे वायरनंतरचा.

५/ सोलापूर बहुभाषक शहर. येथे तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर समाज आहे, कन्नड भाषकही आहेत. खासगी वाहिन्यांत कन्नड ‘उदया’ १९९४ ची, ‘ईटीव्ही’ तेलुगू १९९५ ची, तर ‘अल्फा मराठी’ १९९९ ची. १९५६ आणि १९६० च्या राज्यरचनेने आखलेल्या सीमा उपग्रहाला ठाऊक नव्हत्या.

६/ मग छत्री लहान झाली. केयू बँडची वारंवारता अधिक असल्याने सुमारे ६० सेंटिमीटरची डिश पुरते. तरीही १९९७ मध्ये केंद्राने अशा थेट ग्रहणावर बंदी घातली. नोव्हेंबर २००० मध्ये परवानगीचा निर्णय झाला. २००३ मध्ये डिश टीव्ही आले. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मासिक शुल्काविना सेवा.

७/ आता निवड कुटुंबाची झाली. पण पूर्णपणे नव्हे. ज्या सदनिकेची बाल्कनी केवळ उत्तरेला उघडते, तिला उपग्रह दिसत नाही. तिला गच्ची हवी आणि गच्ची सर्वांची. म्हणून सोसायटीची संमती आली.

८/ सरकारी यादी, केबलवाला, सोसायटी : आकाश सर्वांवर सारखेच होते, निर्णय मात्र नेहमी जमिनीवर झाला. माध्यमांचा इतिहास वाचताना उपग्रहाइतकेच लक्ष छत्री कोणाच्या ताब्यात होती याकडेही द्यावे.

आपल्या घरी पहिली छत्री केव्हा आली आणि तिच्यातून कोणती भाषा प्रथम ऐकू आली? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून अवश्य लिहा. तोही इतिहासच आहे.