क्रियापदाभोवतीच्या जागा

शैलीविज्ञानाच्या परिभाषेतून आपल्या समीक्षेत जे शब्द रुळले, त्यांपैकी 'विचलन' हा बहुधा सर्वांत सैलपणे वापरला जाणारा शब्द असावा. शब्दक्रम उलटा दिसला की ते विचलन, आणि विचलन दिसले की ती कविप्रतिभेची खूण, असा सोपा प्रवास त्यात गृहीत असतो. विचलन कोणत्या नियमापासून, आणि तो नियम कोणत्या शतकातला, हे क्वचितच विचारले जाते. मी स्वतः काही वर्षे एम. ए.च्या वर्गात भाषांतराची चर्चा करताना 'आय नो नॉट' या जुन्या इंग्रजी रचनेचा निर्देश 'परिणामासाठी केलेली उलटापालट' असा करीत असे. ज्या काळात ही रचना घडली, त्या काळात तीत उलटे असे काहीच नव्हते.

इंग्रजी वाक्यात क्रियापद नेमके कोठे उभे राहते, हे केवळ कर्ता, क्रियापद आणि कर्म यांच्याकडे पाहून कळत नाही. सोळाव्या शतकातले आणि आजचे साधे होकारार्थी वाक्य क्रमाने सारखेच दिसू शकते. क्रियापदाची जागा सांगतात ते त्याच्या आसपासचे किरकोळ शब्द, म्हणजे क्रियाविशेषणे, नकारवाचक आणि सर्वनामे. झाँ-इव्ह पोलॉक यांनी १९८९ साली फ्रेंच आणि इंग्रजी यांची तुलना करताना याच शब्दांना मैलाचे दगड मानले. दगड जागेवर स्थिर आहे असे धरले, तर क्रियापद त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे मोजता येते. फ्रेंच क्रियापद 'वारंवार' या अर्थाच्या क्रियाविशेषणाच्या अलीकडे येते, आजचे इंग्रजी क्रियापद पलीकडे राहते. ही युक्ती वाक्यविन्यासाच्या सिद्धांतासाठी योजलेली होती. साहित्याच्या इतिहासकाराने तिचा उपयोग का करू नये, हे मला समजत नाही.

अकराव्या शतकापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय होते. त्यामुळे मराठीप्रमाणेच कर्ता आणि कर्म ओळखण्याचे काम तेथे सर्वस्वी क्रमावर सोपवलेले नव्हते. म्हणून क्रम मोकाट होता असे मात्र नाही. 'था' म्हणजे 'तेव्हा' या क्रियाविशेषणाने वाक्य सुरू झाले की सामान्यतः क्रियापद लगेच त्याच्या पाठोपाठ येई आणि कर्ता त्यानंतर: 'तेव्हा गेला राजा', 'तेव्हा गेला तो'. वाक्यारंभी दुसरे एखादे क्रियाविशेषण असेल, तर नाम आणि सर्वनाम यांच्या वाटा बहुधा वेगळ्या होत: 'त्या वर्षी गेला राजा', पण 'त्या वर्षी तो गेला'. कर्माचीही अशीच तऱ्हा होती. मुख्य वाक्यात नामरूप कर्म बहुतेक वेळा क्रियापदानंतर येई, सर्वनामरूप कर्म पुष्कळदा आधी: 'हे हिने येसेआह', शब्दशः 'तो त्यास पाहता झाला'. मराठी वाचकाला हा दुसरा क्रम ओळखीचा वाटेल, आणि 'तेव्हा गेला राजा' यात पोवाड्याचा नाद ऐकू येईल. पण ती इतिवृत्त लिहिणाऱ्या भिक्षूंच्या आणि एल्फ्रिकच्या प्रवचनांच्या गद्याची नित्याची चाल आहे. तीत वीरश्री शोधणे म्हणजे आपल्या कानाचा संस्कार त्यांच्या लेखणीवर लादणे होय.

नकाराची कथा अधिक रोचक आहे. जुन्या इंग्रजीतला नकार 'ने' क्रियापदाच्या आधी येई, आणि काही क्रियापदांना तर चिकटूनच बसे. 'जाणतो' या अर्थाचे 'वात' आणि 'ने' मिळून 'नात' होई: जाणत नाही. आपल्या संतकाव्यातले 'नेणे' घ्या. 'न' आणि 'जाणे' यांचा तो असाच सांधा आहे. दोन्ही भाषांतला हा नकार मुळात एकाच इंडो-युरोपीय कुळातला आहे. पुढे नकाराला जोर यावा म्हणून क्रियापदानंतर 'काहीही नाही' या अर्थाचा एक शब्द येऊ लागला. तोच झिजून 'नॉट' झाला. दोन नकारांपैकी आधीचा दुबळा होत गेला आणि मध्ययुगाच्या अखेरीस जवळजवळ लोपला. क्रियापदामागचा 'नॉट' तेवढा उरला. जोर देण्यासाठी आलेला शब्दच साधा नकार होऊन बसावा, ही प्रक्रिया ऑटो येस्पर्सन यांनी १९१७ साली अनेक भाषांच्या आधारे दाखवली.

'आय नो नॉट' ही या टप्प्यावरची सरळ, घरगुती म्हणावी अशी रचना. तिच्यातही सर्वनामाने आपला वेगळेपणा सोडला नव्हता. 'आय सॉ नॉट द किंग' यात नाम नकारानंतर येते. 'आय सॉ हिम नॉट' यात सर्वनाम नकाराला ओलांडून क्रियापदाला बिलगते. आजही 'लुक अप द वर्ड' आणि 'लुक द वर्ड अप' हे दोन्ही चालतात, पण शब्दाऐवजी 'इट' आले की त्याला मध्येच बसावे लागते. हलके सर्वनाम क्रियापदापासून दूर जायला नाखूश असते, एवढे एक सूत्र हजार वर्षांच्या उलथापालथीतून टिकून राहिले आहे.

सोळाव्या शतकात चित्र पालटू लागले. 'डू' हे सहायक क्रियापद प्रश्नांत आणि नकारांत पसरत गेले आणि मुख्य क्रियापद 'नॉट'च्या पलीकडे सरकले. आल्व्हार एलेगोर्ड यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात या प्रसाराची मोजदाद केली. तीत एक गोष्ट लक्षणीय आहे: सर्व क्रियापदे एकाच वेळी बदलली नाहीत. 'जाणणे' या अर्थाचे 'नो' आणि त्याच्यासारखी काही नित्य वापरातली क्रियापदे फार काळ जुन्याच जागी राहिली. 'बी' आणि सहायक 'हॅव' यांनी तर ती अद्याप सोडलेली नाही. आपल्या 'क्रिस्तपुराणा'चा कर्ता थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला, तो इंग्लंडमधून हीच अर्धी बदललेली भाषा घेऊन. त्याचे पुराण १६१६ साली छापले गेले. शेक्सपिअर वारला तेही त्याच वर्षी.

व्याकरणकार आले ते हे सर्व घडून गेल्यावर. रॉबर्ट लोथ (१७६२) आणि लिंडली मरे (१७९५) यांनी क्रियाविशेषणाच्या जागेविषयी जे लिहिले, ते बरेचसे झालेल्या स्थितीचे वर्णन होते. 'टू' आणि धातू यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, हा एकोणिसाव्या शतकातला वाद सुशिक्षितांना सर्वाधिक ठाऊक असतो. तो मला सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो. त्यात भाषेपेक्षा प्रतिष्ठेचाच इतिहास अधिक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विल्यम टिंडलचा 'नवा करार' १५२६ चा. त्याच्या इंग्रजीत क्रियापदानंतरचा 'नॉट' ही मुख्यतः व्याकरणाची बाब आहे, निवडीची नव्हे. १६११ च्या अधिकृत भाषांतराने टिंडलची रचना बव्हंशी राखली, आणि तोवर बोलीत 'डू' बरेच पुढे गेलेले असल्याने तीच रचना किंचित जुनी, किंचित भारदस्त भासू लागली असणार. व्हिक्टोरियन वाचकाला तर ती थेट देवघरातली भाषा वाटली. शेक्सपिअर या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे. त्याच्याजवळ दोन्ही रचना आहेत आणि दोन्ही जिवंत आहेत. म्हणून त्याच्या बाबतीत शैलीचा प्रश्न खरोखरच उद्भवतो, पण तो 'उलटा क्रम का?' असा नव्हे. 'दोन उपलब्ध क्रमांतून येथे हा का?' असा तो आहे, आणि त्याचे उत्तर कधी छंदात, कधी पात्राच्या वयात वा दर्जात, तर कधी कशातच नसते.

या तपशिलाचा भार मराठी भाषांतरकारावर येऊन पडतो. 'जाणत नाही मी' असे क्रियापद पुढे ओढले की मराठीत लगेच नाट्य निर्माण होते, कारण आपल्याकडे तो क्रम खरोखरच विचलित आहे. 'नेणे' म्हटले की सात शतकांची भक्तिपरंपरा आत शिरते. टिंडलच्या वाक्यात यांपैकी एकही नाही. १६११ च्या वाचकाचा कान प्रमाण मानला तर थोडे आहे, १८८० च्या वाचकाचा मानला तर बरेच. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' (१८८३) केले, ते याच तिसऱ्या कानाच्या काळात. त्यांच्या गद्यातली गंभीरता तपासताना मूळ नाटकाबरोबर त्या काळच्या इंग्रजी अभिरुचीचाही हिशेब ठेवावा लागेल.

वर्गातल्या त्या चर्चेच्या दिवसांत एका विद्यार्थिनीने 'आय नो नॉट'चे भाषांतर 'मला ठाऊक नाही' असे केले होते. मी समासात 'सपाट' असा शेरा मारून एक गुण कापला होता. तो उतारा टिंडलचा होता.